भीमथडीचा घोडा आणि त्याचे हृदय

भीमा नदी आपल्या सोलापूर जिल्ह्यातून वाहते आणि तिच्या थडीवरच्या घोड्याला तिचेच नाव लाभले आहे. बुटक्या बांध्याचा, थोड्या चाऱ्यावर दूरची मजल मारणारा भीमथडी घोडा एके काळी मराठा घोडदळाचा आधार होता. राजा बढे यांच्या ज्या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे. मेंढपाळ धनगर कुटुंबे आजही आपले बिऱ्हाड याच घोड्यांवर लादून रानोमाळ फिरतात.

जिल्ह्यातील अकलूजचा घोडेबाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. बाजारात घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. अंगावरच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवण्याची रीतही जुनी आहे. परंतु लांबचा पल्ला ज्याच्या बळावर काटला जातो, ते हृदय बरगड्यांआड दडलेले असते आणि कोणताही भोवरा त्याची साक्ष देत नाही. त्याची परीक्षा वेगळ्या रीतीने करावी लागते.

घोड्याच्या हृदयाची रचना आपल्या हृदयासारखीच आहे. वरचे दोन कप्पे अलिंद, खालचे दोन निलय. उजवे निलय रक्त फुप्फुसांकडे धाडते, डावे निलय ते सर्व शरीराला पुरवते. म्हणून डाव्या निलयाची भिंत सर्वांत जाड असते. फरक आहे तो प्रमाणाचा. माणसाचे हृदय सुमारे ३०० ग्रॅमचे. ४५० किलो वजनाच्या घोड्याचे साधारणतः ४ किलोंच्या पुढचे. शांत उभ्या असलेल्या घोड्याचे हृदय मिनिटाला अवघे ३० ते ४० ठोके देते व प्रत्येक ठोक्याला जवळजवळ एक लिटर रक्त पुढे लोटते. तोच घोडा भरधाव सुटला की ठोके २२० ते २४० पर्यंत चढतात. तेव्हा एका मिनिटात २०० लिटरहून अधिक रक्त त्याच्या देहात फिरते.

या कामी प्लीहेचे मोठे साहाय्य होते. तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा घोडा प्लीहेत राखून ठेवतो. धावू लागताच प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात उतरतो. एरवी रक्तात ३५ ते ४० टक्के असणाऱ्या या पेशींचे प्रमाण ६० टक्क्यांच्या पुढे जाते. प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता अशी काही क्षणांत वाढते.

मग मोठे हृदय म्हणजे श्रेष्ठ घोडा, असे म्हणावे काय? १९३२ मध्ये मरण पावलेल्या फार लॅप या विख्यात शर्यतीच्या घोड्याचे ६.२ किलोंचे हृदय ऑस्ट्रेलियातील कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. काही मिनिटांच्या वेगवान शर्यतीत मोठ्या डाव्या निलयाचा लाभ होतो, हे ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेल्या हृदयतपासणीतूनही दिसले आहे. परंतु एका दिवसात १६० किलोमीटर जायचे असते, तेव्हा हिशेब बदलतो. असा घोडा आपले कमाल बळ क्वचितच वापरतो. ठोके मध्यम ठेवून तो तासन्‌तास चालतो. स्नायूंतील सावकाश आकुंचन पावणारे तंतू, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे, घाम गाळून अंग थंड राखण्याची शक्ती आणि मजबूत पाय या साऱ्यांची साथ तेथे लागते. अरबी घोडे या प्रकारात अग्रेसर ठरतात ते म्हणूनच.

सरावाने हृदयही घडत जाते. महिनोन्‌महिने पल्ला हळूहळू वाढवत नेला, तर निलयाची पोकळी रुंदावते, भिंतही त्या प्रमाणात भरते. एका ठोक्यात अधिक रक्त जाऊ लागते आणि तेवढ्याच कामाला कमी ठोके पुरतात. विश्रांतीत असलेल्या निरोगी घोड्याचा एखादा ठोका मध्येच गळाल्यासारखा वाटतो. तो श्रम सुरू होताच नियमित होत असेल, तर भिण्याचे कारण नसते. मात्र श्रमातही ठोके अनियमित राहिले, तर पशुवैद्याकडे गेलेच पाहिजे.

दूरच्या पल्ल्याच्या शर्यतींत म्हणूनच मध्येमध्ये तपासणीचे थांबे असतात. ठरावीक मिनिटांत घोड्याचे ठोके ६४ पर्यंत उतरले नाहीत, तर स्वार कितीही पुढे असो, घोडा बाद होतो. ठोके किती चढले यापेक्षा ते किती लवकर शांत झाले, हा सहनशक्तीचा खरा पुरावा मानला जातो. घोड्याचे हृदय थकव्याची, वेदनेची आणि तापलेल्या अंगाची वार्ता पाय लंगडण्याआधी सांगू शकते.

ही परीक्षा कोणालाही शिकता येते. घोड्याच्या खालच्या जबड्याच्या कडेला आतील बाजूस धमनी बोटांना लागते. १५ सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणावे. अर्धा तास विश्रांती देऊनही आकडा ६४ च्या वर राहिला, तर त्या दिवशीचे काम तेथेच थांबवावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर हे अधिकच आवश्यक. श्रमात घोडा तासाला १० लिटर वा त्याहून अधिक घाम गाळू शकतो. त्याच्या घामात क्षार इतके असतात, की पुष्कळ पाणी गमावूनही त्याला तहान जाणवत नाही. क्षारांचा तोल ढळला की हृदयाची लय बिघडते. कधी प्रत्येक ठोक्यासरशी कूस उडू लागते; हे धोक्याचे चिन्ह आहे. पाणी, क्षार, सावली आणि पशुवैद्य, हाच त्यावरचा मार्ग. चाबूक नव्हे.

बौद्ध परंपरेतील निदानकथेत कंथक हा अश्व सिद्धार्थाला घेऊन एका रात्रीत तीस योजने अनोमा नदीपर्यंत जातो आणि धन्याच्या वियोगाने हृदय फुटून प्राण सोडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलिय वादात शोधले. आपणही त्या रात्रीची कथा दंतकथा म्हणूनच वाचावी. तरीही तिच्यात घोड्याचा एक स्वभाव अचूक टिपला आहे: माणसाने थांबवले नाही, तर तो सहसा थांबत नाही. थकलो, असे त्याला बोलून सांगता येत नाही. शर्यतीच्या रस्त्यावर, वरातीत वा टांग्याला जुंपलेला घोडा धावतो आहे, एवढ्यावरून तो धावू शकतो असे ठरत नाही. करुणा ही भावना खरी, परंतु तिला मोजमापाची जोड मिळाली तरच ती घोड्याच्या उपयोगी पडते. लगाम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने आधी त्याची नाडी हाती घ्यावी.