चौकट : पवईला गुण कसे मिळतात?

उच्च शिक्षणसंस्थांना क्रम देणारी केंद्र सरकारची ‘एनआयआरएफ’ ही चौकट २०१५मध्ये जाहीर झाली. पहिली यादी एप्रिल २०१६मध्ये आली. शंभरपैकी अध्यापन व साधनांना ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या यशाला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि जनमानसातील प्रतिमेला १० गुण. २०२४च्या सर्वसाधारण यादीत पवईची आयआयटी तिसरी होती.

मोठा फायदा असा, की शिक्षकसंख्या, पीएचडी, खर्च हे आकडे एकाच नमुन्यात भरावे लागतात आणि ते सर्वांना पाहता येतात. पारदर्शकता नाही म्हणून याच आयआयटीने आणखी सहा आयआयटींसह २०२०मध्ये ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या जागतिक क्रमवारीवर बहिष्कार घातला होता.

खोट आहे ती मोजपट्टीत. शोधनिबंध आणि त्यांचे दाखले आंतरराष्ट्रीय सूचींतून मोजले जातात. पवईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातले विद्यार्थी महाराष्ट्रातल्या गावांत राहतात, विहिरीची पातळी बघतात, नळयोजना का बंद पडली ते शोधतात. त्या कामाला मिळालेला निधी गुणांत धरला जातो. गावाच्या हाती पडलेला मराठी अहवाल मात्र शोधनिबंधांच्या रकान्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये १९८६पासून विद्यापीठांतल्या संशोधनाची मूल्यांकने होतात. तिथे तज्ज्ञांची मंडळे संशोधन प्रत्यक्ष वाचतात, आणि २०१४पासून त्याचा समाजावरचा परिणामही तपासतात. हे खर्चिक आहे, वेळखाऊ आहे. तरी निदान अभियांत्रिकीपुरते आपणही ते सुरू करायला हवे.