मल्टिकास्टच्या सराव-लॅबमधील दोषशोधन

दलाल स्ट्रीटवरील शेअर बाजाराचे भाव असंख्य दलालांना एकाच वेळी पोहोचविणारी जी मल्टिकास्ट पद्धती, तिचाच अभ्यास नेटवर्क-प्रमाणपत्राच्या सराव-लॅबमध्ये करावा लागतो. गिरगाव-परळच्या विद्यार्थिमित्रांनो, प्रवाह खंडित झाल्यास तपासणी ग्राहकाच्या टोकापासून आरंभावी: प्रथम आयजीएमपीच्या दप्तरी समूहाची नोंद, मग पीआयएमचे शेजारी, नंतर रॉन्देवू पॉइंटविषयी सर्व राउटरांचे मतैक्य. हे सारे यथास्थित असूनही पॅकेट लुप्त होत असतील, तर आरपीएफची खातरजमा करावी. कारण उगमाकडे परतणारा युनिकास्ट मार्ग ज्या इंटरफेसमधून जातो, त्याव्यतिरिक्त अन्य इंटरफेसवर आलेले पॅकेट राउटर टाकून देतो. परतीच्या मार्गावर पीआयएम सुरू करावयाचे राहणे, हे याचे नेहमीचे कारण. म्हणून ‘शो आयपी आरपीएफ’ ही आज्ञा, उगमाचा पत्ता देऊन, प्रत्येक राउटरवर अवश्य चालवावी.