घाटात दिसला तो चित्ता नव्हे

महाडहून भोरकडे जाताना वरंध घाटात रात्री गाडीच्या उजेडात दोन डोळे चमकतात, ठिपकेदार अंग कठड्यावरून झेप घेतं आणि सकाळी टपरीवर बातमी पोचते, ‘चित्ता दिसला!’ दिसतो तो बिबट्या.

ठिपके आठवून पाहा. चित्त्याचे भरीव, शाईचं बोट टेकवल्यासारखे. बिबट्याचे मधून पोकळ, पाकळ्या जुळवल्यासारखे. शिवाय चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते.

पण चित्ता घाटात का नसावा? कारण तो धावपटू. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास, तोही काहीशे मीटरच. त्याची नखं मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत; धावण्याच्या बुटाच्या खिळ्यांसारखी जमिनीत रुततात. लांब शेपूट वळताना तोल सांभाळते. ही सगळी तयारी माळरानाची. कारवीच्या जाळीत ती काय कामाची? बिबट्याची नखं मात्र म्यानात राहून धारदार राहतात आणि खांदे असे दणकट, की शिकार तोंडात धरून तो झाडावर चढतो.

कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते आले, ते मध्य प्रदेशातल्या कुनोत.

तेव्हा घाटात ठिपके दिसले, तर गाडीतून उतरू नका. दिवे मंद करा, त्याला वाट द्या.