रेणू फोडणारा प्रकाश

वैशाखाच्या अखेरीस डोळखांबच्या परिसरात सह्याद्रीच्या बाजूने ढग दाटून आले, की वीज कडाडण्यास फारसा विलंब लागत नाही. त्या क्षणी आकाशात जे घडते, त्याला शास्त्रज्ञ आयनीभवन म्हणतात. विद्युत्क्षेत्रात वेग घेतलेले इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर आदळतात, त्यांतून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात, आणि एरवी वीज वाहू न देणारी हवा तिला वाट करून देते. कोरड्या हवेला असे नमविण्यास मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला बांधून ठेवणारे क्षेत्र मात्र मीटरला सुमारे ५० हजार कोटी व्होल्टांचे आहे.

या बंधनाला थेट आव्हान देण्याचे सामर्थ्य माणसाला लेसरने दिले. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यांतील एका भागाला फेम्टोसेकंद म्हणतात. अशा मोजक्या फेम्टोसेकंदांत प्रकाशाची ऊर्जा कोंबून ती सूक्ष्म बिंदूवर एकवटली, की अणूभोवतीचा ऊर्जेचा बांधच वाकतो, आणि इलेक्ट्रॉन तो न ओलांडता त्यातून आरपार निसटतो. या क्रियेचे गणित रशियन शास्त्रज्ञ केल्डिश यांनी १९६४ साली मांडले. त्यासाठी लागणारे प्रखर स्पंद आधी ताणून, मग वाढवून, शेवटी पुन्हा आवळण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलंड व जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये शोधली. तिला नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१८ साली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा विषय रुजविणाऱ्यांमध्ये दीपक माथूर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. तथापि त्यांच्या संशोधनाचा आरंभ लेसरपासून झाला नव्हता. कणांच्या टकरी घडवून ते रेणूंतून दोन वा अधिक इलेक्ट्रॉन काढून घेत. उरलेले धनभारित भाग एकमेकांना दूर लोटणार हे उघड आहे. मग काही रेणू तरीही क्षणभर का टिकतात, हा त्यांचा प्रश्न होता. १९९१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षांत प्रखर लेसर हाती आले, आणि तोच प्रश्न त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाला विचारला. साधन बदलले, जिज्ञासा बदलली नाही.

या वाटेचे एक टोक कोठे पोहोचले, हे पाहण्याजोगे आहे. २०११ साली माथूर, जयश्री व आदित्य धर्माधिकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील डीएनएवर लेसरचे स्पंद सोडले. पाण्यातच निर्माण झालेले इलेक्ट्रॉन आणि हायड्रॉक्सिल मूलके डीएनएचे धागे तोडतात, असे त्यांना दिसून आले. किरणोत्साराने पेशींना होणारी इजा समजून घेण्यास असे ज्ञान आवश्यक असते. टकरींच्या त्या प्रारंभीच्या प्रयोगांना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून कोणी अनुदान नाकारले असते, तर ही वाट पहिल्याच वळणावर खुंटली असती. मूलभूत संशोधनाला वर्षाच्या हिशेबाने जोखणाऱ्यांनी हे विसरून चालणार नाही.

या कथेत डोळखांबचा संबंध काय, असे कोणी विचारील. भातसा आणि तानसा या शहापूर तालुक्यातील जलाशयांचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. ज्या तालुक्याचे पाणी महानगर पिते, त्या तालुक्याला महानगरातील विद्येचा वाटा मागण्याचा अधिकार निश्चितच आहे. टाटा संस्थेचेच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञानासाठी झटत आहे. अशा संस्थांतील संशोधक विद्यार्थ्यांनी वर्षातून काही दिवस ग्रामीण शाळांत जाऊन मुलांकडून प्रयोग करवून घेणे, ही काही अवाजवी अपेक्षा नव्हे.

कोणत्याही गावची शाळा फेम्टोसेकंद लेसर विकत घेऊ शकणार नाही. तशी गरजही नाही. माथूर यांच्या वाटचालीत प्रश्न आधी आला, यंत्र मागाहून. परंतु प्रयोग फळ्यावरच आटोपणाऱ्या वर्गात प्रश्न उगवत नाही, उत्तर तेवढे पाठ होते. वळवाची वीज डोळखांबच्या मुलालाही दिसते. ती पाहून ‘हे कसे घडते?’ असे विचारणाऱ्या मुलाला ते पडताळून पाहण्याची सोय त्याच्या शाळेतच मिळाली पाहिजे.