हाउसफुल कार्यक्रम, रिकामा गल्ला! जॅझ-वाईन संध्याकाळीचं खरं गणित



नाशिकच्या एका नवरा-बायकोने एफडी मोडून फक्त जोडप्यांसाठी लाइव्ह जॅझ आणि वाईनची संध्याकाळ ठेवली. २० टेबलं, मेणबत्त्या, तीन वादक. तिकीट जोडप्यामागे ४,००० रुपये. सगळी तिकिटं खपली, लोक खूश होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी दोघं वही घेऊन बसले. हातात उरलं काय? शून्य! माझ्याकडे आले तेव्हा ताईंचा एकच प्रश्न होता, "सर, चुकलं कुठे?"

कल्पना चुकली नव्हती. वाईन नाशिकच्या मातीतली आहे. 'सुला'ची पहिली वाईन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. जॅझही आपल्याला परका नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात परदेशी जॅझ बँड वाजायचे. चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक तिथूनच हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. म्हणजे सांगायला गोष्ट आहे, गिऱ्हाईकही आहे.

मग चुकलं कुठे? चला, वही उघडू.

एकही जोडपं आलं नाही तरी होणारा खर्च
- वादक: २४,०००
- जागा: १२,०००
- साउंड आणि लाइट: ६,०००
- परवाने: ८,०००
- सजावट: ४,०००
- एकूण: ५४,०००

एका जोडप्यामागचा खर्च
७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास बसतात. बाटली ९०० ची, म्हणजे ग्लास १८० ला पडला. दोघांचे चार ग्लास ७२०, खाणं ५००, किरकोळ ८०. झाले १,३००.

४,००० मधून १,३०० गेले, उरले २,७००. आता ५४,००० भागिले २,७०० करा. उत्तर येतं २०. आणि टेबलं होती किती? २०! म्हणजे शेवटचं तिकीट विकलं तेव्हा कुठे खर्च निघाला. नफ्याला बसायला खुर्चीच ठेवली नव्हती.

हे आकडे त्यांचे आहेत, तुमच्या गावात वेगळे येतील. पद्धत मात्र हीच.

मग करायचं काय?

पहिला मोह होतो, टेबलं वाढवू, ४० करू. नको! लोक पैसे देतात ते निवांतपणाचे. गर्दी केली की ती लग्नाची पंगत होते. दुसरा मोह, वादकांचे पैसे कापू. तेही नको. लोक ज्यांना ऐकायला येतात त्यांचंच मानधन कापलं तर पुढच्या वेळी कोण येईल?

त्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, दर असा ठेवा की साधारण ८० ते ८५ टक्के टेबलं भरली की खर्च निघेल. इथे ४,५०० केले की जोडप्यामागे ३,२०० उरतात आणि १७ व्या जोडप्याला खर्च वसूल होतो. दोन, त्याच संध्याकाळी दोन बैठका घ्या, साडेसहा आणि साडेआठ. जागा, साउंड, सजावट तीच. वादकांना वाढीव मानधन द्या, वाढलेला खर्च आधी वहीत मांडा, मगच दुसरी बैठक जाहीर करा.

कागदपत्रं विसरू नका
- वाईन द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आधी. महाराष्ट्रात वाईनसाठी वय किमान २१.
- दुसऱ्याची गाणी वाजवायची तर संगीत हक्कांचा परवाना.
- उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री १० ला लाउडस्पीकर बंद.
- तिकिटावरच्या जीएसटीचं आधी सीएला विचारा.
- परतीच्या गाडीची सोय सांगून ठेवा. पिऊन कोणी स्टिअरिंगवर बसता कामा नये.

त्या दोघांनी दुसरा कार्यक्रम ४,५०० दराने केला. बैठक एकच ठेवली. या वेळी १८ जोडपी आली, दोन टेबलं रिकामी. रात्री हिशोब केला, ३,६०० रुपये उरले. रक्कम छोटी आहे, पण ताईंचा फोन आला तेव्हा आवाजात वेगळाच जोर होता. "सर, हाउसफुल नव्हतं, पण या वेळी कमावलं!"

तर मंडळी, तुमच्या धंद्यात कितव्या गिऱ्हाइकाला खर्च निघतो? आज रात्री वही घ्या आणि तो एक आकडा काढा. तो हातात आल्याशिवाय पोस्टर छापायचं नाही!