दुकानातली बढती

दुकानातील नोकरी म्हणजे जन्मभर पुड्या बांधणे, असे कितीतरी आईबापांना वाटते. मी मूळचा कोयनानगरचा. गेली सहा वर्षे कराडच्या एका मोठ्या दुकानात सुपरवायझर आहे. धरणापायी वसलेल्या आमच्या गावी पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड, एरवी सामसूम. तिथे गल्ल्यावर मालक आणि देखरेखीलाही तोच. बढती कोण कोणाला देणार?

सुपरवायझर म्हणजे नुसता हुकूम सोडणारा नव्हे. जुना माल पुढे, नवा मागे. मुदत संपलेला बाहेर. रात्री रोकड आणि बिले जुळलीच पाहिजेत. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने मोठे दुकान सातही दिवस उघडे ठेवता येते, पण नोकरांना आठवड्याची सुटी द्यावीच लागते. त्या पाळ्या लावणे हेच खरे कसब! दिवाळीत तर सुटी सर्वांनाच हवी. मी स्वतः घरी पोचतो तो भाऊबीजेला.

पुढची पायरी व्यवस्थापकाची. शाखा वाढत असतील तर ती लवकर लाभते. एकुलत्या दुकानात मात्र वरची खुर्ची रिकामी होईपर्यंत वाट पाहावी लागते. तेव्हा मुलाला वा मुलीला या नोकरीत धाडताना पगाराच्या आधी विचारा : शाखा किती?