एका शीर्षकगीताची फिर्याद

दूरचित्रवाणीवरील मालिकेचा एखादा भाग रसिक एकदा, फार तर दोनदा पाहतो. परंतु तिचे शीर्षकसंगीत तो प्रत्येक भागाच्या आरंभी ऐकतो, आणि वर्षानुवर्षांच्या या पुनरावृत्तीमुळे कथानकातील बारकावे विस्मृतीत गेल्यानंतरही ते संगीत त्याच्या चित्तात ठाण मांडून बसते. म्हणूनच असे संगीत बदलले असता निष्ठावंत प्रेक्षकांत जो क्षोभ उसळतो, त्याला हौशी लोकांची किरकिर म्हणून निकालात काढणे न्याय्य होणार नाही. अमेरिकेतील 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथांच्या मालिकापरंपरेत २००१ साली असाच एक प्रसंग उद्भवला. त्या वेळच्या फिर्यादीची कागदपत्रे आज शांतपणे चाळली, तर शीर्षकसंगीत हे कथेचे पहिले विधान असते, आणि ते विधान प्रेक्षकाच्या कानाला आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक स्पष्टपणे ऐकू येते, याची प्रचीती येते.

ही परंपरा सुरू झाली ८ सप्टेंबर १९६६ रोजी. जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेल्या त्या मूळ मालिकेचे संगीत अलेक्झांडर करेज यांनी रचले. प्रथम काही गूढ, लांबवलेले स्वर. त्यांवर कथेतील यानाचा प्रमुख कप्तान कर्क याचे गंभीर निवेदन. मग वाद्यांची ती सुप्रसिद्ध ललकारी. आणि तिच्यामागून बोंगोच्या चपळ तालावर उंच चढत जाणारी सुरावट. पडद्यावरून यान झेपावत जाताना जो सूंकार ऐकू येतो, तो कोणत्याही यंत्रातून काढलेला नसून खुद्द करेज यांनी ध्वनिग्राहकासमोर आपल्या तोंडाने काढलेला आहे. पुढील हंगामांत लूली जीन नॉर्मन या गायिकेचा आवाज त्या सुरावटीत मिसळला. परंतु त्या आवाजालाही शब्द नव्हते, नुसता आकार होता. १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका पाहिलेल्या मराठी वाचकांना तो निःशब्द स्त्रीस्वर आजही आठवत असेल. जेथे अद्याप कोणी गेलेले नाही आणि ज्याला कोणी नाव दिलेले नाही, अशा प्रदेशाच्या कथेला शब्दहीन स्वर शोभून दिसला, यात नवल नाही.

त्या सुरावटीसाठी शब्द मात्र लिहिले गेले होते, हे सांगितले पाहिजे. करारनाम्यातील एका कलमाचा आधार घेऊन रॉडनबेरी यांनी स्वतः त्या चालीवर गीत रचले. मालिकेत ते कधीच गायिले गेले नाही. परंतु गीतकार म्हणून त्यांचे नाव दाखल झाल्यामुळे त्या संगीताच्या मानधनाचा निम्मा हिस्सा कायदेशीररीत्या त्यांच्याकडे गेला. करेज यांना ही गोष्ट अन्यायाची वाटली आणि दोघांच्या संबंधांत कायमची कटुता आली. अशा रीतीने शब्द दप्तरात राहिले आणि स्वर तेवढे जगभर पसरले.

त्यानंतर पस्तीस वर्षे ही निःशब्दतेची चाल मोडली नाही. १९८७ साली सुरू झालेल्या 'द नेक्स्ट जनरेशन'ने जेरी गोल्डस्मिथ यांनी १९७९च्या चित्रपटासाठी रचलेली भव्य, वेगवान धून स्वीकारली. १९९३च्या 'डीप स्पेस नाइन'साठी डेनिस मॅकार्थी यांनी एकाकी अंतराळस्थानकाला साजेशी संथ रचना केली. आणि १९९५च्या 'व्हॉयेजर'साठी गोल्डस्मिथ यांनी पुन्हा जी धून दिली, तिला एमी पारितोषिक मिळाले. या रचनांचे स्वभाव भिन्न होते, पण कुळाचार एकच होता: पूर्ण वाद्यवृंद, विस्तीर्ण सुरावट, आणि गायकाची संपूर्ण अनुपस्थिती.

अशा पार्श्वभूमीवर २६ सप्टेंबर २००१ रोजी 'एंटरप्राइज' ही नवी मालिका सुरू झाली. तिची कथा बाविसाव्या शतकातील, म्हणजे कप्तान कर्कच्या सुमारे शंभर वर्षे आधीची. मनुष्यजात ताऱ्यांकडे नुकतीच निघालेली. यान नवे, अनुभव तोकडा आणि धैर्य हेच मुख्य भांडवल. निर्माते रिक बर्मन व ब्रॅनन ब्रागा यांना आपली मालिका पूर्वसुरींहून वेगळी दिसावी असे वाटत होते, म्हणून प्रारंभी तिच्या नावातून 'स्टार ट्रेक' हे शब्दही वगळले होते. तिच्या शीर्षकासाठी निवडले गेले ते डायन वॉरन यांचे एक तयार गीत. ते रॉड स्टुअर्ट यांनी १९९८च्या 'पॅच अ‍ॅडम्स' या चित्रपटासाठी गायिले होते. तेच आता रसेल वॉटसन या इंग्रज गायकाकडून नव्याने गाऊन घेण्यात आले. कारखान्यातील कामगार म्हणून आयुष्याला आरंभ करून गायनाच्या बळावर नामांकित झालेल्या वॉटसन यांचा आवाज कसलेला आहे, आणि गीताचा आशय, म्हणजे संकटांतून तावून निघालेल्या एका माणसाचा आत्मविश्वास, त्यांच्या चरित्राशी जुळणाराही आहे.

तरीही चाहत्यांनी ते गीत स्वीकारले नाही. ते बदलावे म्हणून सह्यांचे अर्ज झाले, आणि हॉलिवूडमधील पॅरामाउंट स्टुडिओच्या दारात निदर्शनेही झाली. एका शीर्षकगीतासाठी लोकांनी रस्त्यावर उतरावे, ही बाब अनेकांना अतिरेकाची वाटली असेल. परंतु त्यांच्या तक्रारींची छाननी केली, तर त्यांत तीन निरनिराळे मुद्दे आढळतात, आणि तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिला मुद्दा असा, की शीर्षकाला शब्द असूच नयेत. हा आक्षेप मराठी प्रेक्षकाला सहजासहजी पटणार नाही. अशोक पत्की यांनी संगीत दिलेले आणि देवकी पंडित यांनी गायिलेले 'आभाळमाया'चे शीर्षकगीत ज्या घरांत मालिकेइतकेच प्रिय होते, त्या घरांना शब्दांनी मालिकेची हानी होते असे कसे वाटावे? हा मुद्दा परंपरेचा आहे, तत्त्वाचा नव्हे. आणि परंपरा आदरणीय असली, तरी नव्या कृतीला तिने कायमचे बांधून ठेवणे योग्य नाही. दुसरा मुद्दा, की गीताची चाल गुळगुळीत असून ते मोटारीत ऐकण्याच्या लोकप्रिय संगीतासारखे वाटते. हा रुचीचा प्रश्न आहे, आणि त्यावर एकमत होणे कधीच शक्य नसते.

तिसरा मुद्दा मात्र मर्मावर बोट ठेवणारा आहे. हे गीत या कथेसाठी जन्मलेले नव्हते. अन्य एका चित्रपटातील अन्य एका माणसाच्या जिद्दीसाठी ते लिहिले गेले होते. त्यातील 'मी' एकटा आहे: त्याचे स्वप्न त्याचे, त्याचा लढा त्याचा, यशही त्याचेच. उलट 'स्टार ट्रेक'ची सारी प्रतिज्ञा सामुदायिक आहे. निरनिराळ्या देशांचे, वंशांचे, किंबहुना निरनिराळ्या ग्रहांचे जीव एका यानात एकत्र नांदतात आणि ज्ञानासाठी दूरवर जातात, हा तिचा गाभा. ज्या श्रोत्यांना हे कारण नेमक्या शब्दांत मांडता आले नाही, त्यांच्याही कानाला ही विसंगती खटकली असली पाहिजे.

गीताच्या पाठीराख्यांचीही बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती दुबळी नाही. त्या गीताबरोबर पडद्यावर जी चित्रे सरकत जातात, ती या परंपरेतील सर्वांत हृद्य शीर्षकचित्रे आहेत: शिडांचे जहाज, लिंडबर्गचे 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस' विमान, वैमानिक अमेलिया इअरहार्ट, ध्वनीचा वेग ओलांडणारे बेल एक्स-१, अपोलोची चांद्रमोहीम, मंगळावरील 'सोजर्नर', आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक, आणि मग कल्पनेच्या प्रांतातील याने. इतिहास आणि कल्पना यांच्यामधील सीमारेषा न दाखवता प्रेक्षकाला अलगद पलीकडे नेणारी ही रचना आहे. आणि या यात्रेतील प्रत्येक टप्प्यामागे कोणा ना कोणा एकट्या माणसाचा हट्ट होता, म्हणून एकट्याचे गीत तिला शोभते, असे पाठीराखे म्हणतात. या चित्रांत 'एंटरप्राइज' नावाचे खरे अंतराळयानही आहे. नासा त्याला 'कॉन्स्टिट्यूशन' असे नाव देणार होती. परंतु या मालिकेच्या चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि नाव बदलून घेतले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी ते यान कारखान्यातून बाहेर काढले गेले, तेव्हा रॉडनबेरी व मूळ मालिकेतील नटमंडळी हजर होती, आणि वाद्यपथकाने वाजवली ती करेज यांचीच धून. म्हणजे चाहत्यांची पत्रे ज्या शीर्षकचित्रांच्या इतिहासाचा भाग झाली होती, त्याच चित्रांवरील गीताबद्दल त्यांना आपले मत मांडण्याचा हक्क वाटला, तर तो अनाठायी म्हणता येणार नाही.

निर्मात्यांनी गीत काढून टाकले नाही. तिसऱ्या हंगामात त्याचा ठेका वाढवून ते अधिक चटपटीत केले, आणि त्याने असंतुष्टांची संख्या कमी झाली नाही. परंतु चौथ्या हंगामात, २००५ साली, 'इन अ मिरर, डार्कली' या दोन भागांच्या कथेत जे घडले, ते या वादातील सर्वांत बोलका दाखला होय. ही कथा अशा एका प्रतिविश्वात घडते, जेथे मानवाने सहकार्याऐवजी साम्राज्य उभारले आहे. तेथे शीर्षकगीत नाहीसे होते. त्या जागी मॅकार्थी व केव्हिन काइनर यांची करडी, रणवाद्यांसारखी निःशब्द धून येते, आणि संशोधकांच्या वाहनांऐवजी युद्धनौका, बॉम्ब, रणगाडे व कवायती फौजा दिसतात. चंद्रावर ध्वज रोवला जातो, पण तो साम्राज्याचा. तेवढ्याच अवधीत, त्याच मनुष्यजातीचा इतिहास आता दिग्विजयाचा आणि रक्तपाताचा होऊन जातो. एका शब्दाचे साह्य न घेता संगीत व चित्रे मिळून केवढे विधान करू शकतात, हे खुद्द या मालिकेनेच दाखवून दिले.

मालिका ९८ भागांनंतर १३ मे २००५ रोजी संपली. २०१७च्या 'डिस्कव्हरी'पासून पुढे आलेल्या मालिकांनी पुन्हा वाद्यसंगीताचा मार्ग धरला. 'डिस्कव्हरी'साठी जेफ रूसो यांनी केलेल्या रचनेत तर करेज यांची जुनी ललकारी सन्मानाने येते. २०११ साली नासाच्या डिस्कव्हरी या खऱ्या यानाच्या अखेरच्या सफरीत अंतराळवीरांना जागे करण्यासाठी लोकांच्या मतदानाने जी गीते निवडली गेली, त्यांतही करेज यांची हीच धून होती. दरम्यान वॉटसन यांच्या गीतावरचा रागही पुष्कळ ओसरला आहे. ज्यांनी ती मालिका बालपणी पाहिली, त्यांना ते गीत मनापासून आवडते, आणि त्यांच्या आवडीला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरी निवाडा द्यायचाच झाला, तर मी तो फिर्यादींच्या तिसऱ्या मुद्द्याच्या बाजूने देईन. गीताला शब्द होते हा दोष नव्हता, लोकप्रिय ढंग होता हाही नव्हता. कथा अनेकांची असता स्वर एकट्याचा लावला गेला, एवढाच दोष होता, आणि तो लहान नव्हता. एखादी मालिका वर्षानुवर्षे निष्ठेने पाहणारा सामान्य माणूस संगीतशास्त्र जाणत नसेल. पण ती मालिका आपल्याला कोणते वचन देते, हे तो जाणतो, आणि आरंभीचे संगीत त्या वचनाला जागते की नाही, हे त्याला पहिल्याच आवर्तनात कळते. निर्मात्यांनी अशा श्रोत्याच्या तक्रारीत हट्टाबरोबर असलेले हे ज्ञानही ओळखावे, आणि संगीतकाराला काम सोपवताना तयार मालाच्या दुकानात न जाता, आपल्या कथेचे पहिले वाक्य स्वरांत लिहून मागावे.